ग्रंथालयात नव्याने रुजू झालात? आधी न येणाऱ्यांकडे बघा

तुम्ही ग्रंथपाल म्हणून नुकतेच रुजू झाला असाल किंवा कार्यकारी मंडळावर पहिल्यांदाच आला असाल, तर महिनाभरात कुणीतरी विचारेलच, "आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथालय हवं कशाला?" वीसेक वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. सुरुवातीला मी त्यावर लांबलचक उत्तरं द्यायचे. मग लक्षात आलं, की विचारणाऱ्याने बहुधा कित्येक वर्षांत ग्रंथालयाची पायरी चढलेली नसते. त्याला पटवत बसण्यापेक्षा तो का आला नाही ते शोधलं, तर आपल्या हाती काहीतरी लागतं. ते कसं शोधायचं आणि सापडल्यावर काय करायचं, हे इथे क्रमाने सांगते. यातली काही कामं एका दुपारी उरकतात, काहींना वर्ष जातं. घाई करू नका, पण सुरुवात लांबवूही नका.

पहिले दोन आठवडे नुसतं बघा

नवा माणूस आला की त्याला भिंती रंगवाव्या, नवे संगणक घ्यावे, मोठा कार्यक्रम करावा असं वाटतं. ते सगळं थोडं थांबू द्या. देवघेवीच्या टेबलापाशी बसा आणि साधी वही घेऊन तासातासाला नोंद करा: किती माणसं आली, कोणत्या वयाची आणि कशासाठी. कुणी पुस्तक बदलायला येतं, कुणी वर्तमानपत्र वाचायला, कुणी परीक्षेच्या अभ्यासाला, तर कुणी घरात निवांत जागा नाही म्हणून तासभर बसायला. ही सगळी ग्रंथालयाचीच कामं आहेत. वही भरताना "हा खरा वाचक, हा नुसता बसायला आलेला" असा भेद करू नका.

सभासदसंख्येवर विसंबू नका. नोंदवहीत हजार नावं असतील, पण त्यातल्या कितींनी गेल्या वर्षभरात एकदाही पुस्तक नेलेलं नाही, हा आकडा काढा. तो बघून मन खट्टू होईल, तरी काढाच, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

मग एकदा बाहेर जाऊन अनोळखी माणसासारखे आपल्याच दारातून आत या. मी हे केलं ते एका माणसामुळे. एका संध्याकाळी तो दाराशी उभा राहून भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत होता. चांगली दोन मिनिटं वाचत राहिला आणि वळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी उभं राहून फलक वाचला. अकरा नियम होते, त्यातले नऊ "मनाई आहे" नाहीतर "करू नये" असे संपणारे. आत येऊन बसायला पैसे पडत नाहीत, सभासद नसलेल्यालाही वाचायला बसता येतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही तो फलक आत हलवला आणि दारावर चारच ओळी लावल्या: उघडण्या-मिटण्याची वेळ, "आत या, बसा, वाचा, पैसे लागत नाहीत", सभासद कसं व्हायचं आणि अडलं तर कुणाला विचारायचं. खर्च जवळपास शून्य. दारापर्यंत येऊन परत फिरणारी माणसं त्यानंतर मला कमी दिसली.

नकाराची वही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. टेबलावर एक वेगळी वही ठेवा. कुणालाही कोणत्याही कारणाने "नाही" म्हणावं लागलं की त्यात एक ओळ लिहा: तारीख, काय मागितलं, आपण काय सांगितलं. मागणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. पुस्तक नाही, प्रत बाहेर गेली आहे, वेळ संपली, पत्त्याचा पुरावा नाही, बसायला जागा नाही, छपाई होत नाही, "मुलांना हे कपाट उघडता येणार नाही", यातलं काहीही असो, लिहा. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने लिहायला हवं. पहिले काही दिवस सहकाऱ्यांना वाटेल की ही वही त्यांच्या चुका पकडायला ठेवली आहे. तसं नाही हे तोंडाने सांगाच, पण पहिले दहा नकार स्वतःचे लिहा, म्हणजे त्यांना पटेल.

महिन्याअखेरीस वही उघडून सारख्या ओळी एकत्र करा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा नवी पुस्तकं नसल्याच्या तक्रारीच जास्त असतील असं मी धरून चालले होते. निघाल्या वेळेच्या. कामावरून सुटून लोक पोचायचे तेव्हा आम्ही कुलूप लावत असायचो. सकाळचे पहिले दोन तास मात्र वाचनकक्षात जवळजवळ कुणी नसायचं. मंडळापुढे वहीच ठेवली. आठवड्यातले तीन दिवस सकाळचा एक तास कमी करून संध्याकाळी वाढवला. एकही नवं पुस्तक न घेता देवघेव वाढली.

दाराबाहेर पडा

दारात पोचलेल्यांचं म्हणणं वहीत येतं. जे पोचतच नाहीत त्यांच्याकडे आपल्याला जावं लागतं. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघणारे पालक, दवाखान्याच्या रांगेत बसलेली माणसं, बसथांब्यावरचे तरुण, यांच्याशी बोला. पण "ग्रंथालयाकडून तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "पुस्तकं" असंच येतं, कारण ग्रंथालय दुसरं काही देऊ शकतं हे त्यांना ठाऊकच नसतं. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात कोणतं काम अडलं होतं? तेव्हा कुणाकडे गेलात? मुलं संध्याकाळी कुठे असतात? नवं काही शिकायचं मनात आहे का? वीस-पंचवीस माणसांशी असं निवांत बोललात, तरी काय करायचं ते बरंचसं उलगडतं.

लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात हेच घडलं. तिथे ग्रंथालयांचा वापर रोडावला होता, तेव्हा १९९०च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांना विचारण्यात आलं. लोक म्हणाले, आमच्या सोयीच्या वेळी उघडं ठेवा आणि आम्ही खरेदीला जातो त्या वाटेवर ठेवा. त्यातून २००२ साली बो इथे पहिलं 'आयडिया स्टोअर' उघडलं. ग्रंथालय आणि प्रौढांचे शिक्षणवर्ग एकाच छताखाली, बाजाराच्या वाटेवर. पुढे त्या इमारतींचं खूप कौतुक झालं. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते इतकंच, की आधी विचारलं आणि मग बांधलं.

काहींना मात्र येणं शक्यच नसतं. आजारी, वयस्क, दूर राहणारे, दिवसभर कामात अडकलेले. त्यांच्यासाठी पुस्तकांनी जायचं. कोलंबियातल्या मॅग्दालेना प्रांतात लुईस सोरियानो या प्राथमिक शिक्षकाने आल्फा आणि बेटो या दोन गाढवांवर पुस्तकं लादून ती दुर्गम वस्त्यांतल्या मुलांपर्यंत नेली. तुम्हाला गाढवं नकोत, गाडीही नको. चाळीस पुस्तकांची एक पेटी, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला वार पुरे. वार मात्र चुकवू नका. पेटी दोन वेळा आली नाही की लोक तिसऱ्या वेळी वाट बघत नाहीत.

कपाटं मोकळी करा

आता सगळ्यात अवघड काम. नवे ग्रंथपाल ते टाळतात आणि जुन्यांना ते करवत नाही. मलाही कित्येक वर्षं करवलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कोणतंही एक कपाट उघडा. मधल्या खणातलं एक पुस्तक काढा आणि तारखेची पट्टी बघा, म्हणजे देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारतात तो आतला कागद. पट्टीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे? पुस्तक नाकाशी न्या, वास घ्या. पानं हळूच उलटा. कोपरे कुरकुरीत होऊन तुटतात का, कसरीची बारीक भोकं दिसतात का, ते बघा. मग आतला मजकूर वाचा. असं एका खणातल्या प्रत्येक पुस्तकाचं केलंत की कपाट किती जिवंत आहे ते कळतं.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७०च्या दशकात यासाठी एक पद्धत आखली गेली आणि पुढे ती जगभर पसरली. तिच्यातल्या कसोट्या आपल्या शब्दांत अशा मांडता येतील: माहिती चुकीची किंवा दिशाभूल करणारी झाली आहे का? पुस्तक दुरुस्त होणार नाही इतकं फाटलं-मळलं आहे का? याची नवी आवृत्ती किंवा याहून चांगलं पुस्तक आलं आहे का? मजकूर मुळातच उथळ आहे का? आपल्या वाचकांना याचा काही उपयोग उरला आहे का? आणि हवं झालं तर दुसऱ्या ग्रंथालयातून सहज मिळेल का? तीन ढीग करा: ठेवायचं, बांधणीला द्यायचं, बाद करायचं.

औषधोपचार, कायदा, कर, परीक्षांची मार्गदर्शकं, संगणक या विषयांपासून सुरुवात करा. यातलं जुनं पुस्तक नुसती जागा अडवत नाही, नुकसानही करतं. एका गृहस्थांनी आमच्याकडच्या पुस्तकातून नियमाचं पान छापून घेतलं आणि अर्ज केला. तो नियम बदलून कितीतरी वर्षं झाली होती. अर्ज परत आला आणि त्यांना पुन्हा सगळी धावपळ करावी लागली. ते पुस्तक कपाटात ठेवणारी मीच होते. त्या दिवशी माझा हात सुटला, पुस्तकं बाद करायला मी तेव्हा खऱ्या अर्थाने शिकले.

त्याच वेळी काय ठेवायचं तेही ठरवा. तुमच्या परिसराचा इतिहास, तिथल्या लेखकांचं लेखन, स्मरणिका, जुनी नियतकालिकं, दुसरीकडे कुठेच नसलेली प्रत यांना वरची फूटपट्टी लावायची नाही. त्यांची पट्टी कोरी असली तरी ती आपली जबाबदारी आहेत. दुर्मिळ वाटलं ते जाणकाराला दाखवल्याशिवाय बाद करू नका.

काम रीतसर करा. यादी करा, मंडळाची मंजुरी घ्या, दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद असते त्या वहीत, त्या त्या दाखल क्रमांकापुढे शेरा मारा, पुस्तकावर बाद झाल्याचा शिक्का मारा. तुमच्या संस्थेला लागू असलेले नियम आधी वाचा, कारण बाद पुस्तकांचं काय करायचं ते त्यात ठरलेलं असू शकतं. आणि लोकांना सांगा. गुपचूप पोती भरून बाहेर काढलेली पुस्तकं कुणी पाहिली, तर "ग्रंथालय पुस्तकं फेकतंय" अशी बोंब होते आणि ती वर्षानुवर्षं पुसत नाही. देणगीच्या पुस्तकांचंही असंच. घेतानाच सांगा की उपयोगी असतील ती ठेवू, बाकीची इतरांना देऊ. देणाऱ्याला तेव्हा थोडं वाईट वाटेल, पण पुढचा मनस्ताप दोघांचाही वाचेल.

शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिचं पहिलं सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. पाचवं, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वर्धिष्णू म्हणजे नुसती भरत जाणारी, असं मी बरीच वर्षं समजत होते. आपल्या अंगणातलं झाड बघा. ते वाढतं तेव्हा जुनी पानं गळतात.

बाद करून झालं की कपाटात थोडी मोकळी जागा ठेवा आणि दर खणात एक-दोन पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करा. नुसता कणा बघून पुस्तक उचलणारे थोडेच असतात. खणावर विषय साध्या शब्दांत लिहा. विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावायची ड्यूईची दशांश पद्धत १८७६ सालापासून चालत आली आहे आणि पुस्तक नेमक्या जागी परत ठेवायला आपल्याला ती लागतेच. पण वाचकाला "६१०" काय सांगणार? त्याला "आजार आणि औषधं" असं वाचायला मिळू दे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या गिल्बर्ट इथल्या एका शाखेने २००७ साली ड्यूई पद्धत पूर्ण सोडून पुस्तकांच्या दुकानासारखी विषयवार मांडणी केली. मला इतकं टोकाला जावंसं वाटत नाही. कण्यावर क्रमांक राहू द्या, कपाटावर शब्द येऊ द्या.

दंडाचा हिशेब पुन्हा मांडा

एकदा एक मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवून पळायला निघाला. त्याला थांबवलं. आई फाटकाबाहेर उभी होती, आत यायला तयार नव्हती. पुस्तक दोन वर्षांपूर्वीचं होतं आणि दंड किती झाला असेल या भीतीने ते घरात लपवून ठेवलं होतं. मी त्यांना आत बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. दोन वर्षं आमचं एक पुस्तक अडकून पडलं, तेही परत मिळालं; एक अख्खं कुटुंब मात्र आम्ही गमावलं होतं.

उशिराचा दंड लावला की पुस्तकं वेळेवर येतात, असं आपण धरून चालतो. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड बंद केला, तेव्हा वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं परत येऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी दंड बंद केला. त्याआधी केलेल्या पाहणीत दिसलं होतं, की पुस्तक परत करायला उशीर सगळ्याच थरांतल्या लोकांकडून होतो, पण दंड थकून खातं बंद पडण्याची वेळ कमी उत्पन्नाच्या वस्त्यांवर जास्त येते. म्हणजे ज्यांना फुकट पुस्तकाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच आपण दाराबाहेर काढतो.

मंडळ एकदम तयार होणार नाही. आधी एक माफीचा महिना जाहीर करा, किती पुस्तकं आणि किती माणसं परत आली ते मोजा आणि तो आकडा घेऊन पुढच्या बैठकीत बोला. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई घ्यायला हरकत नाही, तो वेगळा मुद्दा आहे. त्याच बैठकीत अनामत रक्कम आणि पत्त्याचा पुरावाही चर्चेला घ्या. भाड्याने राहणाऱ्याला, कामासाठी गाव सोडून आलेल्याला पुरावा सहज मिळत नाही. एखाद्या जुन्या सभासदाची किंवा शिक्षकाची हमी चालत असेल तर बरीच माणसं आत येतात.

पुस्तकांपलीकडचं काम कसं निवडायचं

हेलसिंकीत ५ डिसेंबर २०१८ रोजी 'ओडी' हे मध्यवर्ती ग्रंथालय उघडलं. तिथे शिवणयंत्रं आहेत, त्रिमितीय छपाईची यंत्रं आहेत, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे १९७९ सालापासून ग्रंथालय पुस्तकांसारखीच अवजारंही घरी नेऊ देतं. हे वाचून उत्साह येतो आणि यायलाच हवा. पण तिथलं यंत्र आणून इथे ठेवू नका. त्या गोष्टी तिथे चालल्या, कारण तिथल्या लोकांना त्या हव्या होत्या. तुमच्या लोकांना काय हवंय ते नकाराच्या वहीत आणि दाराबाहेरच्या गप्पांत लिहिलेलं आहे.

मी जितक्या ठिकाणी विचारलं, तिथे एक गरज हमखास सांगितली गेली: ऑनलाइन अर्ज. नोकरीचा, प्रवेशाचा, दाखल्याचा. मोबाइल हातात असला तरी अर्ज भरणं जमतंच असं नाही. यासाठी एक संगणक, एक छपाईयंत्र आणि आठवड्यातले दोन ठरलेले तास पुरेत. त्या तासांत एक माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला हवा, तोच या कामाचा कणा. त्याने अर्ज स्वतः भरून द्यायचा नाही. माऊस समोरच्याच्या हातात राहू द्यायचा आणि आपण बोटाने दाखवायचं. वेळ तिप्पट लागतो, पण माणूस पुढच्या वेळी एकटा भरतो आणि शेजाऱ्यालाही शिकवतो. काही पथ्यं पाळा. कुणाचा पासवर्ड लिहून ठेवू नका, ओळखपत्राचा फोटो आपल्या फोनवर घेऊ नका, काम झालं की खात्यातून बाहेर पडलो का आणि उतरवलेली कागदपत्रं पुसली का ते दोघांनी मिळून बघा.

दुसरं काम जुनंच आहे, संदर्भसेवेचं, आणि माझ्या मते मोबाइलच्या काळात त्याची गरज वाढली आहे. एक मुलगी "हृदयावरचं पुस्तक आहे का?" असं विचारत आली. मी शरीरशास्त्राचं कपाट दाखवलं. ती पानं उलटत उभी राहिली, पण काही सापडत नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "कशासाठी हवंय ते सांगशील?" वडिलांचा तपासणीचा अहवाल तिच्या पिशवीत होता आणि त्यातले शब्द तिला कळत नव्हते. मोबाइलवर शोधून शोधून ती आणखी घाबरली होती. अहवालाचा अर्थ सांगणं माझं काम नव्हतं, आणि मी सांगितलाही नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द आम्ही विश्वासार्ह पुस्तकात शोधला आणि डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न तिने एका कागदावर लिहून नेले. माणूस पहिल्यांदा जे मागतो ते बरेचदा त्याला हवं असलेलं नसतं. "कशासाठी हवंय?" हा प्रश्न हळू आवाजात विचारायला शिका. उत्तर द्यायचं नसेल तर आग्रह करू नका. आणि कोण काय वाचतं, काय विचारतं, हे तिसऱ्या कुणालाही सांगायचं नाही, अगदी घरच्यांनाही.

कार्यक्रम, जागा आणि संगणकीकरण

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात: वर्षातून एक मोठा सोहळा करण्यापेक्षा दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी होणारी अर्ध्या तासाची गोष्टींची बैठक जास्त माणसं जोडते. चारच मुलं आली तरी ती घ्या. मोठ्यांसाठी काही करायचं असेल तर मानवी ग्रंथालयाची कल्पना बघा. २००० साली डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात ती सुरू झाली. तिथे पुस्तकाऐवजी माणूस 'वाचायला' मिळतो. तो स्वतःचं आयुष्य सांगतो, ऐकणारा मोकळेपणाने विचारतो. यासाठी चार खुर्च्या आणि बोलायला तयार असलेली चार माणसं लागतात.

जागेचा प्रश्न बहुतेक ठिकाणी एकाच ठिकाणी येऊन अडतो: परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना शांतता हवी आणि मुलांना बोलायला जागा हवी. वेगळी खोली नसेल तर वेळ वाटून द्या आणि ती दारावर लावा. दोन तास आवाजाचे आहेत हे आधी माहीत असलं की अभ्यास करणारे कुरकुर करत नाहीत.

पायऱ्यांशेजारी उतार आहे का, चाकाची खुर्ची कपाटांमधून जाते का, मोठ्या अक्षरांतली पुस्तकं वेगळी ठेवली आहेत का, तेही बघा. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं ब्रेल किंवा ध्वनिरूपात आणणं २०१३च्या माराकेश करारामुळे सोपं झालं आहे. हा करार भारताने सर्वांत आधी मान्य केला. तुमच्या परिसरात दृष्टिहीनांसाठी काम करणारी संस्था असेल तर पहिला फोन तिला करा.

संगणकीकरणासाठी महागडी प्रणाली घ्यावीच लागते असं नाही. 'कोहा' ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने स्वतःच्या गरजेतून करवून घेतली आणि २००० साली वापरायला घेतली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती फुकट मिळते, पण बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो, तो आधी शोधा. आणि कपाटं मोकळी केल्यावरच नोंदी करायला घ्या, नाहीतर बाद करायच्या पुस्तकांवरच महिने जातील.

केलेलं काम दाखवा

पैसे देणारे, मग ते शासन असो, देणगीदार असो की सभासद, त्यांच्यापुढे आपण "एकूण ग्रंथसंख्या" आणि "एकूण सभासद" असे आकडे ठेवतो. त्यातून ग्रंथालय किती मोठं आहे ते कळतं, कुणाच्या कामी आलं ते कळत नाही. त्याजागी असे आकडे द्या: वर्षभरात पुस्तक नेलेले सभासद, अर्ज भरायला मदत झालेली माणसं, पेटीतून गेलेली पुस्तकं, माफीच्या महिन्यात परत आलेली कुटुंबं. आणि त्यासोबत एकच प्रसंग सांगा, नाव न घेता, खराखुरा.

१९४९ साली युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयाचा जाहीरनामा काढला. १९७२ आणि १९९४ साली तो नव्याने लिहिला गेला आणि अगदी अलीकडे २०२२ साली. वय, वंश, लिंग, धर्म, भाषा, सामाजिक स्थिती यांचा भेद न करता सर्वांना सेवा, हे सूत्र त्यात आहे. मंडळापुढे बोलताना हा आधार हाताशी ठेवा. अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात २०१४ साली दंगलीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा तिथलं छोटं ग्रंथालय उघडं राहिलं आणि शिक्षकांनी मुलांचे वर्ग तिथेच भरवले. पूर्ण वेळ काम करणारा ग्रंथपाल एकच होता. त्यानंतर देशभरातून देणग्या आल्या. पण ग्रंथालय उघडं ठेवायचं ठरलं तेव्हा देणग्या येतील हे कुणालाच माहीत नव्हतं.

वर्ष संपलं की नकाराची वही घेऊन बसा. ज्या नकारांचा या वर्षात होकार झाला, त्यांपुढे खूण करा आणि त्यांची संख्या वार्षिक अहवालात घाला. मग नवी वही आणा. जे नकार तसेच राहिले ते तिच्या पहिल्या पानावर उतरवा, पेन दोऱ्याने वहीला बांधा आणि ती टेबलावर अशा जागी ठेवा की बसल्या जागेवरून सगळ्यांचा हात पोचेल.